‘फौरन’ मधील न

आपल्या लालबर्ऱ्यात ‘फौरन’, ‘तकरीबन’, ‘मसलन’ हे शब्द नित्य कानी पडतात. मागे एका विद्यार्थ्याने आजोबांचे उर्दू पत्र वर्गात वाचून दाखविताना ‘फौरन’ ऐवजी ‘फौरा’ असे वाचले. वर्ग हसला; मीही ‘चूक’ म्हणून मोकळा झालो. पुढे व्याकरण पाहिले, तेव्हा मी घाई केली असे ध्यानात आले.

उर्दूत हा शब्द लिहिताना शेवटी ‘नून’ हे अक्षर नसतेच. तेथे अलिफ असतो व त्यासोबत दोन लहान तिरप्या रेघा. त्या रेघांचा उच्चार ‘अन्’ असा करावयाचा. अरबी व्याकरणात अशा अंत्य नकारास ‘तन्वीन’ म्हणतात.

संस्कृतात ‘रामः’, ‘रामम्’, ‘रामस्य’ अशी शब्दाची अखेर बदलते. अरबीतही तसेच आहे. ‘एक पुस्तक’ हे कर्ता असता ‘किताबुन्’, कर्म असता ‘किताबन्’ आणि संबंध दाखविताना ‘किताबिन्’. तेच पुस्तक ठराविक असेल, तर आरंभी ‘अल्’ येतो व शेवटचा न् जातो: ‘अल्-किताबु’. यावरून तन्वीन ही बहुधा अनिश्चिततेची खूण होय. विशेषनामांत मात्र ‘मुहम्मदुन्’ अशीही रूपे आढळतात.

आता उच्चाराचा नियम पाहा. वाक्य पुढे चालू असेल, तर न् उच्चारावा. वाचक थांबला, तर ‘उन्’ व ‘इन्’ गळून ‘किताब्’ एवढेच उरते. ‘अन्’ चा मात्र ‘आ’ होऊन ‘किताबा’ होते. म्हणजे शुद्ध अरबीत वाक्याच्या अखेरीस ‘फौरा’ हाच उच्चार नियमास धरून आहे! उर्दूने ‘फौरन’ हे एकच रूप कायम केले, आणि देवनागरीत आपण तो ऐकलेला न सरळ लिहू लागलो.

लेखन आणि उच्चार यांची अशी फारकत आपल्यालाही नवी नाही. मराठीत ‘बरें’ वरील अनुस्वाराचा उच्चार आधीच लोपला होता. १९६२ च्या नियमांनी तो लेखनातूनही गेला. माझ्या कोकणी मातृभाषेत मात्र तो अनुनासिक आजही स्पष्ट ऐकू येतो.

उर्दू पत्रात ‘फौरन’ हेच वाचावे, यात शंका नाही. परंतु त्या मुलाने समोर दिसलेले अक्षर प्रामाणिकपणे वाचले होते. दुसऱ्या दिवशी मी हे सर्व फळ्यावर लिहिले आणि वर्गासमक्ष माझा ‘चूक’ हा शब्द परत घेतला.