ई-मेल पोचला काय?

जावक नोंदवहीत नोंद झाली म्हणजे पत्र पोचले, असे होत नाही. ई-मेललाही हाच नियम लागू आहे. ‘पाठविलेले’ या कप्प्यात दिसणारा ई-मेल आपल्या सर्व्हरने स्वीकारलेला असतो, एवढेच. मुदतीच्या प्रस्तावाबाबत हा भेद ध्यानात न घेतल्यास ग्रामपंचायतीचे नुकसान होऊ शकते.

ई-मेल न पोचल्यास बहुधा परतीचा संदेश येतो. तो न वाचता काढून टाकू नये. त्यातील तीन आकडी संकेतांकावरून दोषाचे स्वरूप कळते. ४ ने सुरू होणारा संकेतांक तात्पुरती अडचण दर्शवितो. सर्व्हर पुन्हा प्रयत्न करीत राहतो. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. ५५० असल्यास प्रथम पत्त्यातील प्रत्येक अक्षर तपासावे. ५५२ असल्यास बहुधा समोरची पेटी भरलेली असते किंवा जोडपत्र मोठे असते. जीमेलवरून पाठविताना जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे.

येणारे ई-मेल दिसत नसल्यास ‘स्पॅम’ कप्पा पाहावा, नंतर शिल्लक जागा. जीमेलची जागा ड्राइव्ह व फोटो यांच्याशी सामाईक असते. छायाचित्रांनी ती भरली तरी पत्रे येणे थांबते.

महत्त्वाच्या ई-मेलची पोच मागवून ती नस्तीस लावणे, हाच खरा उपाय होय.