आधी पाणी, मग कात्री

तुकोबारायांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, त्या रात्री आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. वर्षानुवर्षं एकच दिंडी आमच्याकडे उतरते, त्यामुळे येणारी माणसं आता घरचीच झाली आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात उंडवडीपासून बारामतीपर्यंत पावसाने पाठ सोडली नव्हती. सगळे चिंब होऊन आले. जेवणं उरकली, सतरंज्या पडल्या. दिंडीतले सगळ्यांत थकलेले बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या डोक्याखाली चांगलं काही द्यावं म्हणून मी बैठकीतली उशी आणून दिली. मागच्या दिवाळीला मी स्वतः शिवलेली, काठपदराची, सगळ्यांनी नावाजलेली.

पहाटे बाबा उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा खांदा आणि उपरण्याचं टोक लाल झालं होतं. ओल्या केसांचं पाणी उशीत उतरलं आणि उशीच्या मागच्या बाजूच्या लाल कापडाचा रंग त्यांच्या अंगावर. घाईघाईत मी सदरा गरम पाण्यात बुचकळला. डाग गेला नाहीच, उलट पसरून सगळा खांदा गुलाबी झाला. दिंडी निघायची वेळ झाली होती. बाबा म्हणाले, “राहू द्या माऊली. जिवाला लावून घेऊ नका.” आणि तोच ओला सदरा पिळून, अंगात घालून निघाले.

मीही त्या सकाळी काटेवाडीपर्यंत गेले. तिथे परीट समाज पालखीच्या स्वागताला धोतरांच्या पायघड्या घालतो. धुऊन शुभ्र केलेली धोतरं रस्ताभर अंथरलेली, त्यांवरून पालखी पुढे जाते. नंतर मेंढ्यांचं रिंगण होतं. दर वर्षी मी ते रिंगण डोळे भरून पाहते. त्या दिवशी मात्र मी गर्दीत तो गुलाबी खांदा शोधत होते. पालखी काटेवाडीहून सणसरकडे, पुढे बेलवाडीच्या रिंगणाला आणि निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. माझं सासर बारामती, माहेर इंदापूर. म्हणजे माझ्या हातून लागलेला डाग माझ्या माहेरापर्यंत चालत जाणार होता.

घरी आल्यावर मी सहाही उशा उसवल्या. आत जे दिसलं आणि त्यानंतर जे शिकले, ते आज लिहिते आहे. सणासुदीला घर सजवायला कमी खर्चात उशा शिवणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. त्यांच्या कापडाने तरी कुणाचा सदरा रंगू नये.

उसवल्यावर काय दिसलं

पहिली चूक कापडाची. पुढच्या बाजूला आईच्या जुन्या लुगड्याचा काठपदर लावला होता. तो शंभरदा धुतलेला, त्याचा रंग जायचा प्रश्नच नव्हता. पाठीला मात्र बाजारातलं स्वस्त लाल कापड आणलं आणि न धुता तसंच कापलं. दिवाळी चार दिवसांवर आली होती.

दुसरी चूक भरणाची. घरातल्या जुन्या गादीचा कापूस वापरला. त्यात वाईट काही नाही, पण तो पावसाळाभर माळ्यावर पडलेला होता. मी त्याला ऊन दाखवलं नाही, पिंजूनही घेतला नाही. उसवला तेव्हा मुठीएवढे गोळे निघाले, दोन उशांत काळे ठिपके आणि कुबट वास. आठ महिने माझी मुलं त्या उशांवर डोकं टेकून टीव्ही बघत होती.

तिसरी चूक या दोन्हींच्या मुळाशी होती. चेनचे पैसे वाचवायला मी उशांच्या चारही बाजू शिवून बंद केल्या. अभ्रा काढता येईना, म्हणून धुता येईना. धुतलाच नाही, म्हणून रंग जातो हे मला आठ महिन्यांत कळलं नाही. एकदा जरी धुतला असता, तर तो रंग माझ्या बादलीत उतरला असता.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: सणाला उशी शिवू नका, अभ्रा शिवा. आतली उशी एकदाच, चांगली करा. ऋतू आणि सण बदलेल तसा फक्त अभ्रा बदला. पैसे यात वाचतात, जागा वाचते आणि स्वच्छताही राहते.

कापड पाण्याला दाखवा

बारामतीच्या एमआयडीसीत टेक्स्टाइल पार्क झाल्यापासून आमच्या भागातल्या कितीतरी बायका शिलाईच्या कामाला जातात. आमच्या गल्लीतल्या एक मावशीही तयार कपड्यांच्या शिलाईत मुरलेल्या आहेत. त्यांनी माझी उशी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, “अगं, कापड आधी पाण्याला दाखवायचं, मग कात्रीला.”

नवं सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. खळ निघते, आणि आटायचं तेवढं कापड आधीच आटतं. आधी शिवून मग धुतलं, तर अभ्रा आटतो आणि उशीवर चढत नाही.

रंगाची परीक्षा दोन मिनिटांची आहे. कापडाचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरी चिंधी जोरात घासा. चिंधीला रंग लागला तर कापड पुन्हा पुन्हा धुवा आणि परत परीक्षा घ्या. तीन-चार धुण्यांनंतरही रंग येत असेल, तर ते कापड उशीला वापरू नका. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे घरोघर सांगतात, मीही ते करून पाहिलं. कापड रंगवताना काही रंग धाग्यात शिरावेत म्हणून मीठ लागतं हे खरं, पण रंगवून झालेल्या कापडाचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. आणि कुणाच्या कपड्याला रंग लागलाच, तर लगेच गार पाण्यात, भरपूर पाणी बदलत धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत गरम पाणी नको, ऊन नको, इस्त्रीही नको.

जुनं लुगडं किंवा साडी वापरायची असेल, तर ती आधी उजेडासमोर धरा. पदर आणि काठ बहुधा धड असतात, बसायच्या जागी कापड विरलेलं असतं. दोन अंगठ्यांनी ताणून पाहा. धागे सरकले तर त्या भागाला मांजरपाटाचं अस्तर लावा, नाहीतर तो भाग सोडून द्या. खणालाही अस्तर हवंच. वजनावर मिळणारी कात्रणंही स्वस्त पडतात, पण त्यांत होजिअरीचं ताणणारं कापड मिसळलेलं असतं. ते साध्या सुती कापडाला जोडलं की शिवण लाटेसारखी वरखाली होते. दोन्ही प्रकार आधीच वेगळे करा.

माप आणि माया

बैठकीला १६ इंची चौकोनी उशी बरी पडते. तिच्या अभ्र्याला चेन लागतच नाही. पुढचा तुकडा १७ बाय १७ इंच कापा, म्हणजे चारही बाजूंना अर्धा इंच माया मिळते. पाठीसाठी १७ बाय १२ इंचाचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची एक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा. आता पुढचा तुकडा सुलटा ठेवा, त्यावर पाठीचे दोन्ही तुकडे उलटे ठेवा. दुमडलेल्या कडा मध्ये एकमेकींवर साधारण ५ इंच येतील. चारही बाजूंनी टीप मारा, कोपऱ्यांवर दुहेरी. कोपऱ्यावरची जादा माया तिरकी कापा आणि अभ्रा सुलटा करा. पाकिटासारखी पाठ तयार होते, उशी आत सरकते, बाहेर दिसत नाही.

४४ इंच पन्ह्याच्या कापडात हे तिन्ही तुकडे आडवे एका रांगेत बसतात. म्हणजे एका अभ्र्याला १७ इंच लांबी लागते. पाच अभ्र्यांना सव्वादोन मीटर कापड पुरतं, पण आटण्याचा विचार करून अडीच मीटर घ्या.

आतली उशी अभ्र्यापेक्षा इंचभर मोठी, १७ इंची करा, म्हणजे अभ्रा भरलेला दिसतो. एवढ्या उशीला साधारण अर्धा किलो फायबर लागतो. कापूस जड, तो जास्त लागतो. फायबरची उशी धुता येते आणि त्याचे गोळे लवकर होत नाहीत. कापूस गार असतो आणि घरात असेल तर फुकट, पण तो आधी पिंजून घ्या आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात, मधूनमधून पालटत वाळवा. आपला हा पर्जन्यछायेचा भाग. पावसाला आपण तरसतो, पण ऊन भरपूर आहे. ऑक्टोबरच्या उन्हाचा उपयोग करा आणि पुढेही महिन्यातून एकदा उशा उन्हात टाका.

खर्च करायचाच असेल तर या आतल्या उशीवर करा. अभ्रे जुन्या कापडातून जवळजवळ फुकट होतात.

ऋतूचे अभ्रे

माझ्याकडे आता सहा उशा आणि चार ऋतूंचे अभ्रे आहेत. चैत्रात मातकट रंगावर पांढऱ्या दोऱ्याने चैत्रांगणातली चित्रं: सूर्य, चंद्र, गोपद्म, कासव. आषाढासाठी साधे पांढरे, कोपऱ्यात तुळशीचं हिरवं पान. दिवाळीला आईच्या लुगड्याचे काठ. संक्रांतीला काळ्या कापडावर गाठीच्या टाक्याचे पांढरे ठिपके, हलव्यासारखे. यंदा थंडीसाठी भिगवणच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा अभ्रा करायला घेतला आहे. उजनीच्या फुगवट्यात ते उभे असतात तसे, गुलाबी कापडाचे तुकडे कापून, काठाने बारीक टाका घालून.

तुकडे लहान असतील तर गोधडीची रीत धरा. इंदापूरला आई जुन्या लुगड्याचे थर एकावर एक ठेवून धाव दोरा घालायची. तसाच दोन थरांचा अभ्रा शिवा, विरलेलं कापडही वर्षानुवर्षं टिकतं.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. दिवाळीत सॅटिनचे, नायलॉनचे अभ्रे पणतीजवळ ठेवू नका. असं कापड पेटताना वितळतं आणि अंगाला चिकटतं. खिडकीत पणत्या असतील त्या रात्री तिथली उशी उचलून ठेवा. आणि घरात रांगतं मूल असेल तर अभ्र्यावर मणी, आरसे, बटणं लावू नका. ती निघून तोंडात जातात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी तर कोणतीच उशी नको, कितीही मऊ असली तरी. शोभा टाक्यांनीही येते.

पुढचा आषाढ

पुढच्या वर्षी दिंडी आली. बाबाही आले. अंगात तोच सदरा, खांद्यावर फिकट गुलाबी छटा. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीशी आपली जागा धरली. मी पांढऱ्या अभ्र्याची उशी आणली. डोकं टेकवण्याआधी बाबांनी तिच्यावर तळहात फिरवला आणि तुळशीच्या पानावर थांबवला.

सकाळी दिंडी काटेवाडीच्या वाटेला लागली. उशीवर बाबांच्या कपाळीचा बुक्का उतरला होता. मी अभ्रा काढला, धुतला आणि दोरीवर टाकला. दुपारपर्यंत तो वाळला.