भूदृश्यरचना : एक उपेक्षित विद्याशाखा

फणसवाडीत राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो, "इथे फणस कुठे आहेत हो?" आम्ही हसतो आणि त्याला व्यंकटेशाच्या देवळाचे गोपूर दाखवतो, कारण दाखवायला फणस नाही. माझ्या आजीलाही आमच्या चाळीच्या आसपास फणसाचे झाड पाहिल्याचे आठवत नाही. नाव मात्र राहिले आहे. फणसवाडीच काय, सारे गिरगाव अशा नावांनी भरलेले आहे. केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट! एके काळी येथे माडांच्या बागा आणि भाजीपाल्याचे मळे होते. जुन्या इंग्रजी दप्तरांत अशा वाड्यांना 'ओर्ट' म्हणत. 'होर्ता' म्हणजे बाग किंवा मळा, या पोर्तुगीज शब्दाचा तो अपभ्रंश होय.

मी कला शाखेत भूगोल घेतलेली विद्यार्थिनी. या नावांचा विचार करता करता एका विषयाशी माझी ओळख झाली. त्याचे नाव लँडस्केप आर्किटेक्चर. मराठीत त्याला अद्याप एकच सर्वमान्य शब्द रूढ झालेला नाही. प्रस्तुत लेखात मी 'भूदृश्यरचना' हा शब्द वापरणार आहे. हा विषय काय आहे, तो कसा शिकवला जातो आणि पदवीच्या पहिल्या पायरीवरच तो का शिकवला जावा, एवढे तीन मुद्दे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

विषयाचे स्वरूप

बारावीनंतर मी हा विषय शिकायचा म्हणाले, तेव्हा आमच्या मजल्यावरचे आप्पा म्हणाले, "अगं, माळीकाम शिकायला कॉलेज कशाला? राणीच्या बागेत जाऊन माळ्यापाशी बस दोन महिने." आप्पांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. माळ्यापाशी बसून खरोखरच पुष्कळ शिकता येते. पण भूदृश्यरचनेत झाडे लावणे हा एक भाग झाला. जमिनीचा चढउतार, पाण्याचा निचरा, माती, सावली, वारा आणि माणसांचा वावर या सगळ्यांचा एकत्र विचार करून मोकळी जागा घडवणे हे तिचे खरे काम आहे. इमारतीच्या भिंती जिथे संपतात, तिथून तिचा प्रांत सुरू होतो.

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क हे या विद्येचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला. बागेतून आडवे जाणारे चार रस्ते काढावेत, ही स्पर्धेची एक अट होती. या दोघांनी ते रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोल नेले, त्यामुळे गाड्यांची रहदारी बागेत फिरणाऱ्यांच्या आड येत नाही. हे काम माळ्याचेही नाही आणि केवळ इंजिनियराचेही नाही. विशेष म्हणजे वॉक्स हा वास्तुविशारद होता, पण ओल्मस्टेडने त्याआधी शेती केली होती आणि वृत्तपत्रांतून लेखन केले होते. वास्तुकलेची पदवी त्याच्याजवळ नव्हती.

आपल्या शहरातही अशी उदाहरणे आहेत. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन म्हणजे सर फिरोजशहा मेहता उद्यान. १८८१ साली ते पाण्याच्या मोठ्या साठ्यावर रचले गेले. खाली जलाशय असल्यामुळे वर मातीचा थर बेताचाच, आणि म्हणून तिथे वाटेल ते झाड लावता येत नाही. दुसरे उदाहरण धारावीजवळ मिठी नदीच्या काठी असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या कचऱ्यावर माती पसरून झाडे वाढवण्यात आली आणि १९९४ साली ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगाचे रान कसे होते हे पाहायचे असेल, तर विद्यार्थी मित्रांनी तिथे एकदा अवश्य जावे.

अभ्यासक्रमात काय असते?

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९०० साली या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला, तो चार वर्षांच्या पहिल्या पदवीचा होता. आजही परदेशात अनेक विद्यापीठांत हा विषय पदवी पातळीवर चार किंवा पाच वर्षे शिकवला जातो. अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे 'स्टुडिओ'. दर सत्रात एक खरी जागा घ्यायची, तिची पाहणी करायची आणि तिचा आराखडा करायचा. त्याच्या जोडीला मोजणी आणि समोच्चरेषा, मृदाशास्त्र, वनस्पतींची ओळख, परिसरशास्त्र, पाण्याचा निचरा, बांधकाम, बागांचा इतिहास आणि रेखाचित्रण हे विषय असतात. मोगलांच्या चारबागेपासून आजच्या नदीकाठच्या योजनांपर्यंत सारे त्यात येते.

या यादीतले समोच्चरेषा, मृदा आणि हवामान हे विषय आम्ही भूगोलात शिकतोच. बागांचा आणि नगरांचा इतिहास इतिहासाच्या वर्गाला परका नाही. माणसे एखादी जागा कशी वापरतात हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. म्हणजे या विद्येचे निम्मे सामान कला शाखेच्या घरातच पडलेले आहे.

आणि तरीही तिचा दरवाजा कला शाखेच्या विद्यार्थ्याला बंद आहे. आपल्या देशात हे शिक्षण बहुतांशी पदव्युत्तर पातळीवर मिळते. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली त्याची सुरुवात झाली. रवींद्र भान आणि मोहम्मद शाहीर ही तिथल्या अध्यापकांपैकी आदराने घेतली जाणारी नावे. दिल्लीतील सुंदर नर्सरी २०१८ साली जनतेसाठी खुली झाली, तिची रचना शाहीर यांची आहे. पुढे अहमदाबादेतील सेप्ट आणि पुण्यातील डॉ. भानुबेन नानावटी कॉलेज ऑफ आर्किटेक्चर अशा संस्थांतही पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. परंतु तिथे पोचण्याची मुख्य वाट वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीतून जाते. त्या पदवीसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे, शिवाय प्रवेश परीक्षा. पाच आणि दोन अशा सात वर्षांनी माणूस भूदृश्यरचनाकार होतो. ज्याने अकरावीत कला शाखा घेतली, त्याची वाट पंधरा-सोळाव्या वर्षीच संपलेली असते. माझी तशीच संपली.

पदवी पातळीवरच का?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. बांधकामाचे ज्ञान नसलेला मुलगा मातीचा दाब सोसणारी भिंत कशी उभी करणार? आधी वास्तुकला पक्की होऊ द्या, मग बाहेरची जमीन, असे काही जाणकार म्हणतात. पण हाच न्याय लावायचा तर, माती आणि झाड न कळणाऱ्याला जमिनीवर घर तरी कसे बांधू द्यावे, असेही विचारता येईल. भिंतीचे गणित चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवता येते. एक गोष्ट मात्र घाईने शिकवता येत नाही, ती म्हणजे ऋतू. दोन वर्षांच्या अभ्यासात विद्यार्थ्याला दोनच पावसाळे मिळतात. चार वर्षांत चार मिळतात. पहिल्या वर्षी लावलेले करंजाचे रोप चौथ्या वर्षी किती सावली देते, कुठला उतार पावसाने धुपला आणि कुठला टिकला, हे डोळ्यांनी पाहायला तेवढा काळ लागतोच.

झाडाच्या निवडीची जबाबदारीही अशीच सावकाश उमजते. रस्त्याच्या कडेने शोभेसाठी आणि सावलीसाठी लावलेला पर्जन्यवृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. २०१० नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने मुंबईतील असे अनेक वृक्ष वाळून गेले. एकाच जातीची ओळच्या ओळ लावली की एक कीडही पुरेशी ठरते. हा धडा वर्गात पाच मिनिटांत सांगून होतो, पण तो मनात मुरायला काळ जावा लागतो.

आपल्या शहराला या विद्येची गरज आहे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीच्या काठची खाजणे तोपर्यंत भराव घालून बुजवली गेली होती. पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जमिनीचा उतार वाचता येणारी माणसे नियोजनात पुरेशी असती, तर नुकसान काही अंशी तरी टळले असते असे मला वाटते.

आमच्या गिरगावात तर हा प्रश्न अगदी दाराशी आला आहे. जुन्या उपकरप्राप्त चाळी पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. घरे मोठी होतात, प्रत्येकाला स्वतंत्र संडास मिळतो. ही मोठीच सोय आहे आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण चाळीचा चौक जातो. त्याच्या बदल्यात मोटारींच्या मजल्यांवर 'पोडियम' येते, आणि त्यावर मातीच्या पातळ थरात कुंड्यांतली शोभेची झाडे. हँगिंग गार्डनसारखीच ही छपरावरची बाग. फरक एवढाच की तिथे कोणी बसावे, मुलांनी कुठे खेळावे, हळदीकुंकू आणि गणपतीचा मांडव कुठे व्हावा, याचा विचार करणारा माणूस बैठकीला नसतो. आराखड्यात जी जागा उरते, तिला हिरवा रंग दिला जातो.

आपण काय करू शकतो?

पदवी सुरू होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या वाडीपासून आरंभ करता येतो. मी स्वतः गेल्या पावसाळ्यात हा उद्योग केला, त्याची कृती देते.

प्रथम चौकाचा किंवा गल्लीचा नकाशा टेपने मोजून काढावा. मग गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते, त्यावरून जमिनीचा उतार मोजता येतो. उतार शंभराला एक असेल तर ३० मीटरवर जमीन ३० सेंटिमीटर खाली जाते. पहिल्या पावसात पाणी कुठून येते, कुठे तुंबते, हे नकाशावर खुणेने दाखवावे. १०० चौरस मीटरच्या चौकात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी जमते. फरसबंदी असेल तर त्यातले जवळजवळ सगळे गटारात जाते. नंतर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठे पडते आणि त्या वेळी कोण कुठे बसलेले असते, हे टिपावे.

मला या पाहणीत एक गोष्ट आढळली. आमच्या चौकात पाणी ज्या कोपऱ्यात तुंबते, तिथे पूर्वी विहीर होती असे आप्पांनी सांगितले. मुंबईतील अनेक विहिरी विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या भीतीने बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. शेजारच्या सी. पी. टँकची गोष्ट अशीच. कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकात बांधलेला तो तलाव. १८६० साली विहारचे पाणी शहरात आले, तलावांची गरज सरली आणि पुढे ते बुजले. आता तलावही नाही आणि फणसही नाही. पण पाणी आपला कोपरा विसरलेले नाही. विहीर सांगितल्यावर आप्पा नकाशापाशी बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी जुन्या पिंपळाची जागा स्वतः पेन्सिलीने दाखवली. माळीकामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आमच्या गुरुजनांना एवढीच विनंती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची आणि शाखांच्या सीमा ओलांडून विषय घेण्याची मुभा दिली आहे. भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास या विभागांनी मिळून निदान एक अभ्यासपत्रिका तरी या विषयाची सुरू करावी. प्रयोगशाळेचा खर्च नाही. वाड्या आजूबाजूला आहेतच. चाळी मात्र एकेक करून पाडल्या जात आहेत, तेव्हा ही पाहणी फार वर्षे लांबणीवर टाकता येणार नाही. निदान कुठल्या वाडीत पाणी कुठे वाहत होते आणि झाड कुठे होते, एवढी नोंद तरी आपल्या हातून व्हावी.