नवी आवृत्ती आणि जुनी यंत्रे

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ज्ञान कोणाच्या मालकीचे आणि ते कोणापर्यंत पोहोचावे, हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा तितकाच या विषयाचाही आहे. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामधला कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स हा अशा व्यवस्थेचा गाभा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली सर्वांसमोर ठेवला. त्याचा परवाना असा की, मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत.

मग जे फुकट मिळते ते विकायचे कसे? अमेरिकेतील रेड हॅट कंपनी वर्गणी घेते ती हमीची. बँका व मोठे उद्योग यांना रोज बदलणारी व्यवस्था परवडत नाही. 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स'ची एक मोठी आवृत्ती निघाली की सुमारे दहा वर्षे तिच्यातील दोष दुरुस्त होत राहतात.

या व्यवस्थेची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील काळातील क्वांटम संगणकांनाही फोडता येऊ नयेत अशा गुप्तलेखन पद्धतींना तिच्यात प्रवेश मिळाला. परंतु माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच एका अटीने. इंटेल व एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरांच्या क्षमतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नवव्या आवृत्तीला दुसरी पायरी पुरत होती. दहावीला तिसरी लागते. या पायरीवरचा प्रोसेसर एकाच सूचनेत अनेक संख्यांवर क्रिया करू शकतो, त्यामुळे काम वेगाने होते. पण इंटेलचे असे प्रोसेसर २०१३ पासून निघू लागले. त्याआधीचे, आणि नंतरचेही काही स्वस्त प्रोसेसर या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट असले तरी नवी आवृत्ती त्यावर चालणार नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शाळेची पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलांकडून अर्ध्या किमतीत घ्यायची, हा आमचा रिवाज. अभ्यासक्रम बदलला की ती पुस्तके रद्दीत जात. नवे पुस्तक चांगलेच असे, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नसे. दहाव्या आवृत्तीचेही तसेच आहे. कंपनीवर अन्यायाचा आरोप करता येणार नाही, कारण नवव्या आवृत्तीची दुरुस्ती मे २०३२ पर्यंत चालणार आहे. पण पुढचा रस्ता जुन्या यंत्रांना बंद झाला, हेही खरे.

येथे परवान्याचे मोल कळते. याच व्यवस्थेची 'सेंटओएस' नावाची विनामूल्य प्रतिकृती २००४ पासून चालत होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत टिकेल अशी अपेक्षा असताना, ती २०२१ अखेर बंद होईल असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. तिची जागा घेण्यासाठी 'रॉकी लिनक्स' व 'अल्मालिनक्स' उभे राहिले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने मूळ मजकुराची सार्वजनिक वाटही अरुंद केली. तेव्हा अल्मालिनक्सने ठरवले की, हुबेहूब नक्कल न करता केवळ सुसंगत राहावे. या निर्णयाने त्यांना वेगळे वागण्याची मोकळीक मिळाली. मे २०२५ मध्ये त्यांची दहावी आवृत्ती निघाली, तेव्हा दुसऱ्या पायरीवरच्या जुन्या प्रोसेसरांसाठी त्यांनी स्वतंत्र प्रतही दिली! अर्थात, इतर कंपन्यांनी केवळ नव्या यंत्रांसाठी घडवलेले प्रोग्राम तिच्यावर चालणार नाहीत, ही मर्यादा आहेच.

तात्पर्य, मुक्त परवाना सर्वांना सर्व काही मिळवून देत नाही. दुरुस्तीला श्रम लागतात व श्रमांचे मोल कोणी तरी मोजतेच. पण कोणाला वगळावे हा निर्णय एकाच कंपनीच्या हाती राहत नाही. वगळलेल्यांसाठी पुन्हा काम करण्याचा हक्क इतरांकडे उरतो. कोणतीही नवी आवृत्ती आली की तिच्यात नवे काय, हे आपण विचारतोच. तिच्याबाहेर कोण राहिले, हे विचारण्याचे काम कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही करावे, असे मला वाटते.