मरळीसाठी गळाची काठी कोणती?

प्रश्न : सालेकशात राहतो. मरळ धरायची आहे. 2,000 रुपयांत कोणती काठी घ्यावी?

उत्तर : परदेशी व्हिडिओंतली बास माशाची काठी मरळीला चालते, दोन्ही मासे दबा धरून झडप घालणारे. साडेसहा-सात फुटी, ‘मीडियम हेवी’, शेंड्याकडेच वाकणारी घ्या. रबरी बेडूक तोंडात घेतला की मरळ थेट गवतात घुसते. लेच्यापेच्या काठीने ती बाहेर निघत नाही. या पैशांत कार्बनचा मोह नको, फायबरग्लास दणकट. उरलेले पैसे विणलेल्या दोरीवर घाला. पिठाच्या गोळीवर रोहू धरायचा तर काठी लांब, लवचीक हवी. ते प्रकरणच वेगळं. दुकानात काठीच्या कड्यांतून कापूस फिरवा, तंतू अडकले तर ती परत ठेवा. तलाव ठेक्यावर असेल तर मच्छीमार संस्थेला आधी विचारा.