सहावा रोबो

कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या रोबोंची टीम काढायचं ठरतं तेव्हा पहिल्या मीटिंगला खोली अपुरी पडते. सेमिस्टर संपता संपता पाच-सात जण उरतात, आणि टीम टिकणार की नाही हे त्यांच्या हुशारीवर क्वचितच ठरतं. अशा टीममध्ये विद्यार्थी म्हणून राबलो, पुढे नोकरी सांभाळून ज्युनिअर्सना मदत करत राहिलो, त्यावरून सांगतो. पहिला रोबो कुणीही पळवतं. कस लागतो तो सहाव्या रोबोत.

सहाच का, ते आधी सांगतो. आमची स्पर्धा रोबोकपची, स्मॉल साइज लीग. रोबोकप १९९७ साली जपानमध्ये नागोयाला सुरू झाली. २०५० पर्यंत माणसासारख्या रोबोंच्या संघाने फुटबॉलमधल्या विश्वविजेत्यांना हरवावं, हे तिचं जाहीर उद्दिष्ट. स्मॉल साइजचे रोबो मात्र चाकांवर पळतात. व्यास १८ सेंटिमीटर, उंची १५, आणि बॉल म्हणजे केशरी गोल्फ बॉल. बी डिव्हिजनमध्ये संघाला सहा रोबो, ए डिव्हिजनमध्ये अकरा. वर टांगलेले कॅमेरे रोबोच्या डोक्यावरचे रंगीत ठिपके ओळखतात, ती माहिती दोन्ही संघांना मिळते आणि संघाचा कॉम्प्युटर वायरलेसवरून हुकूम सोडतो. रिमोट कुणाच्याच हातात नसतो.

रोबोकॉन ही दुसरी स्पर्धा केलेल्या मुलांचा इथे घोटाळा होतो. रोबोकॉनचा विषय दरवर्षी बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं यंत्र मोडून मोटर काढून घेतल्या तरी बिघडत नाही. इथे खेळ तोच राहतो, नियम थोडेथोडे सरकतात. मुरलेल्या टीम वर्षानुवर्षं एकाच डिझाइनवर हात फिरवत असतात. आपल्याकडे प्रत्येक बॅचने पाटी कोरी केली, तर टीम कायम पहिल्याच वर्षात राहते.

पहिला रोबो लाडाचा असतो. झिरो पीसीबीवर रात्रभर सोल्डरिंग करून तो उभा राहतो, झकास व्हिडिओ निघतो, डायरेक्टर सर खूश होतात. पुढचे पाच जमवताना पितळ उघडं पडतं. आम्हाला एका दुकानातून मोटर दोन वेगळ्या लॉटच्या आल्या. दिसायला सारख्या, पण एकाच वेळी दिलेल्या एकाच हुकमावर एक रोबो सरळ जायचा आणि दुसरा डावीकडे ओढायचा. कोड लिहिणारा कोड तपासत बसला, मेकॅनिकलवाला चाकं. म्हणून मोटर, गिअर, बेअरिंग एकदम आणि एकाच लॉटचे घ्या, वर थोडे जास्तीचे. बोर्ड छापूनच घ्या. तपकीर गल्लीतल्या किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ऐनवेळी मिळेल ते आणू, हा विचार पहिल्या रोबोपुरता ठीक.

दुरुस्तीचा विचार डिझाइनमध्येच हवा. मैदान म्हणजे हिरवं कार्पेट, आणि त्याचे धागे ओम्नी व्हीलच्या चिमुकल्या रोलरांत जाऊन बसतात. रोलर जाम झाला की चाक घसरत नाही, ओढतं, आणि रोबो तिरका जाऊ लागतो. मग एकजण टॉर्च धरतो, दुसरा चिमट्याने धागे ओढतो. चाक काढायला अख्खी बॉडी उघडावी लागत असेल तर सामना संपेपर्यंत तो रोबो बाहेरच बसतो, कारण टाइमआऊट सगळे मिळून पाचच मिनिटांचे. एकाच मापाच्या अॅलन कीने चाक निघालं पाहिजे.

कोड लिहिणाऱ्यांसाठी एक हिशेब. कॅमेऱ्यातून चित्र येणं, ठिपके ओळखणं, हुकूम पोचणं यात सेकंदाचा दहावा भाग गेला असं धरा. सेकंदाला दोन मीटर वेगाने पळणारा रोबो तेवढ्यात वीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त. हा उशीर मोजून रोबो पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधल्याशिवाय पासिंगच्या नादी लागू नका. आणि लॅबमध्ये गुमान ऐकणारं वायरलेस स्पर्धेच्या हॉलमध्ये, शेकडो मोबाइल आणि वायफायच्या गर्दीत, अडखळतं. हुकूम येणं थांबलं की रोबोने आपणहून थांबलं पाहिजे.

किकरशी मात्र थट्टा नको. बॉल मारणाऱ्या सोलेनॉइडमागचे कपॅसिटर दोनशे व्होल्टच्या घरात चार्ज होतात आणि बॅटरी काढली तरी तसेच भरलेले राहू शकतात. आमच्या टेबलावर एकदा स्क्रूड्रायव्हर तिथे टेकला. फटाक्यासारखा आवाज झाला आणि त्याच्या टोकाला खड्डा पडला. बोट असतं तर? डिस्चार्ज सर्किट आणि चार्ज असल्याचं दाखवणारा दिवा बोर्डावरच हवा, आणि मल्टिमीटर लावल्याशिवाय झाकणाला हात नाही.

पैसे मागायला जाल तेव्हा ‘याचा उपयोग काय’ हे विचारलं जाणारच. कॉर्नेल विद्यापीठाच्या याच लीगमधल्या विजेत्या टीमचे मार्गदर्शक राफाएलो डी’आंद्रेआ यांनी पुढे इतरांसोबत किवा सिस्टम्स उभी केली. गोदामात कपाटं वाहणाऱ्या रोबोंची ती कंपनी अॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरला घेतली. टक्कर न होता अनेक रोबो एकत्र हलवणं, हाच दोन्हीकडचा मूळ प्रश्न.

परदेशी स्पर्धेला जाणार असाल तर लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. टोकांना टेप लावून हातातल्या सामानात न्या. यंत्रं परत आणताना कस्टम्समध्ये अडकू नयेत म्हणून फिक्कीकडून एटीए कार्नेट वेळेत काढा. आणि जाण्याआधी दुसऱ्या टीमांनी आपल्या रोबोंवर लिहिलेले पेपर वाचा. मॅनहाइमच्या टायगर्ससारखी टीम आपलं डिझाइन आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवते.

शेवटी, स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी एक चाचणी घ्या. सेकंड इयरच्या ज्या मुलाने रोबो कधी उघडलेला नाही, त्याला फक्त टीमने केलेल्या नोंदींची वही, टूलकिट आणि बंद पडलेला सहावा रोबो द्या. सिनिअर्सनी खोलीबाहेर थांबायचं, फोनही घ्यायचा नाही. त्याने तो चालू केला तर फॉर्म भरा. नाही जमलं, तर वर्षभर वही लिहा आणि पुढच्या वर्षी जा.