बाहेर म्हणजे कुठे?

आमच्या घरात पहिला एसी बसला तो २०१४ च्या एप्रिलमध्ये. लोअर परळला, डिलाईल रोडपासून दोन गल्ल्या आत, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. मिस्त्री गेल्यावर बाबा खिडकीतून हात बाहेर काढून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "एवढी गरम हवा जाते कुठे गं?" मी म्हटलं, "बाहेर." "बाहेर म्हणजे कुठे?" त्यावर मी काही बोलले नाही. तेव्हापासून खिडकीबाहेरच्या त्या आउटडोअरची निगा राखताना जे जे कळत गेलं, ते बाबांच्या त्या प्रश्नाभोवतीच फिरतं आहे.

१. एसीचा जीव खिडकीबाहेर असतो. पहिली दोन वर्षं मी फक्त आतल्या यंत्राची जाळी धूत होते आणि तेवढ्यावर समाधानी होते. पण आतलं यंत्र खोलीतली उष्णता फक्त उचलतं. ती टाकायचं कष्टाचं काम बाहेरच्या कॉम्प्रेसर, कॉइल आणि पंख्याचं. कॉइलवर धूळ बसली की उष्णता सुटत नाही, कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो, बिल चढतं आणि खोली मात्र गार होत नाही. आमच्याकडे तर चारी बाजूंनी बांधकाम, सिमेंटची पूड रोजचीच. २०१६ च्या मे महिन्यात पहिल्यांदा आउटडोअर धुतलं, तेव्हा खाली उतरलेलं पाणी राखेसारखं होतं. दोन वर्षं ते यंत्र नाक दाबून चाललं होतं, आणि मी त्यालाच दोष देत होते.

२. गॅस 'संपत' नाही. हे कळायला मला तीन उन्हाळे आणि तीन वेळचे पैसे लागले. दर मार्चमध्ये सर्व्हिसवाला यायचा, गेज लावायचा, "गॅस कमी आहे" म्हणायचा आणि भरून जायचा. चौथ्या वर्षी आलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गेज बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ताई, हा गॅस बंद नळीतच फिरतो. मग गेला कुठे?" पुन्हा तेच 'कुठे'! त्यांनी सांध्यांना साबणाचा फेस लावला आणि एका नटापाशी बारीक बुडबुडा फुगला. त्या जुन्या यंत्रात आर-२२ होता, ओझोनच्या थराला इजा करणारा. भारतात तो टप्प्याटप्प्यानं बंद होतो आहे, २०३० हे त्याचं मुदतीचं वर्ष. आताच्या यंत्रात आर-३२ आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून आता माझा हट्ट असतो, आधी गळती शोधा, सांधा नीट करा, व्हॅक्यूम ओढा आणि मगच वजन करून गॅस भरा.

३. समुद्र दिसत नसला तरी घरापर्यंत येतो. वरळीचा किनारा आमच्यापासून सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटर. खिडकीतून फक्त टॉवर दिसतात, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचा विचारच मनात आला नव्हता. पण कॉइलमध्ये नळी तांब्याची आणि पत्रे ॲल्युमिनियमचे असतील, तर दोन निराळे धातू, वर मीठ आणि दमट हवा, एवढं जुळून आलं की ॲल्युमिनियम झिजू लागतं. सात वर्षांत आमच्या कॉइलचे पत्रे बोटानं चुरडले जातील इतके ठिसूळ झाले आणि यंत्र बदलावं लागलं. त्याहून मोठी भीती लोखंडी ब्रॅकेटची. जुनं यंत्र उतरवताना त्याचा एक बोल्ट अर्धा खाल्लेला निघाला. खाली गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून जात नाही. आता पावसाळा संपला की ब्रॅकेट आणि बोल्ट तपासून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

४. धुणं म्हणजे जोरात पाणी मारणं नव्हे. जेट पंपाचा आवाज ऐकला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. पण तिरक्या, जोरकस धारेनं कॉइलचे नाजूक पत्रे आडवे होतात, वाट बंद होते आणि धुतलेलं यंत्र आधीपेक्षा वाईट चालतं. धार हळू हवी, सरळ हवी आणि शक्यतो आतून बाहेर, म्हणजे धूळ ज्या वाटेनं आली त्या वाटेनं परत जाते. त्याआधी एमसीबी खाली. एवढं करूनही कॅपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, हे मला ठाऊक नव्हतं, आणि एकदा मी स्वतः झाकण उघडायला निघाले होते. बाबांनी अडवलं. गिरणीत काम केलेल्या माणसाला बंद यंत्राचीही भीती असते.

५. आपण जागा सोडली की कोणीतरी तिथे संसार मांडतं. यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत कबुतरांनी काड्या आणून दोन अंडी घातली. हलवायचा धीर झाला नाही. अंडी फुटायला अठरा-एक दिवस आणि पिल्लं उडायला आणखी महिनाभर, तोवर सर्व्हिस पुढे ढकलली. पिल्लं उडाली त्याचा आनंद झाला, पण मागे राहिलेल्या वाळक्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना किती बाधते हे मला डॉक्टरांकडून कळलं, आईचा खोकला महिनाभर थांबला नाही तेव्हा. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यात दाणे घालण्यावरून शहरात वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंचं बोलणं मला आतून समजत होतं. आता घाण आधी ओली करून, तोंडाला मास्क लावून काढतो. फटीला जाळी आहे. घरटं झाल्यावर हटवण्यापेक्षा ते होऊ न देणं बरं, असं मनाशी ठरवलं आहे.

६. एसी माणसासाठी जन्मलाच नव्हता. विलिस कॅरियरनं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात हवेतला दमटपणा काबूत आणला, तो कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरनं वापरला, तो सूतगिरण्यांच्या संदर्भात. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते गिरणीत सूत कातायच्या थ्रॉसल खात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तोवर. म्हणाले, "खरंय. खिडक्या बंद, वरून पाण्याचे बारीक फवारे. धागा कोरडा पडला की तुटतो ना. ती हवा धाग्यासाठी होती, आमच्यासाठी नव्हती." पाळी सुटली की ते घामानं चिंब घरी येत आणि चाळीच्या गॅलरीत, उघड्या वाऱ्यावर झोपत. त्यांना एसीत झोप का येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

७. माझा गारवा कोणाच्या तरी दारात ऊन होऊन पडतो. आमच्या आउटडोअरचं तोंड समोरच्या चाळीकडे होतं, मध्ये जेमतेम गल्ली. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतली सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता आणि वर स्वतः खाल्लेली वीज, असं सगळं बाहेर टाकतो. म्हणजे तीन गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. एका मे महिन्यात समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. तक्रार नाही, नुसतं सांगितलं, "आता गॅलरीत बसवत नाही गं संध्याकाळी." घरी येऊन मी बाबांसारखा हात बाहेर काढून उभी राहिले. नवीन यंत्र बसवताना ब्रॅकेट बाजूच्या भिंतीवर घेतलं, पाइप लांबला, खर्च वाढला. २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. आम्ही २६ वर ठेवतो आणि पंखा लावतो. आजी पुन्हा गॅलरीत बसतात.

८. 'बाहेर' एक माणूसही असतो. हे सगळ्यात उशिरा कळलं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. कितीतरी वर्षं विशी-बाविशीची मुलं आमच्या खिडकीतून वीतभर छज्ज्यावर उतरली, एका हातानं ग्रिल धरून दुसऱ्या हातानं स्क्रू काढत राहिली, आणि मी आत चहा करत होते. शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीसही केली. एकदा एकाचा पाय शेवाळावर सरकला. सावरला तो, पण माझ्या हातातला कप पडला. "बेल्ट का नाही लावत रे?" मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, "काकू, बेल्ट आहे ना बॅगेत. अडकवू कुठे?" खरंच, आख्ख्या इमारतीत एक कडी नव्हती. सोसायटीच्या तीन सभांमध्ये तेच तेच बोलले, तेव्हा कुठे प्रत्येक घराच्या खिडकीशी, आतल्या बीममध्ये पक्के अँकर ठोकून कड्या बसल्या.

या मार्चमध्ये सर्व्हिसला आलेल्या मुलानं आधी ती कडी दोनदा हिसडून पाहिली, मग हुक अडकवला आणि बाहेर उतरला. बाबा आता सत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखतात. तरी खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते. बाहेरून पाण्याचा आवाज येत होता. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं. त्या मुलाचा दुसरा पाय खोलीत टेकेपर्यंत त्यांची नजर खिडकीवरून हलली नाही.